टाकी दिसते का?

आमच्या मेसच्या पायऱ्यांवर उभं राहिलं की उत्तरेला तीन गोष्टी दिसतात, म्हणजे दिसायला हव्यात. ग्राउंडच्या पलीकडे पाण्याची उंच टाकी, सहाशे मीटरवर. तिच्या डाव्या अंगाला वीटभट्टीची चिमणी, नकाशावर मोजली तर अडीच किलोमीटरला थोडी कमी. आणि त्या दोघींच्या मागे खूप दूर शिवालिकच्या डोंगरांची रेघ. ही रेघ क्वचित दिसते, बहुतेक करून पावसाळ्याच्या शेवटी, एखादी जोरदार सर येऊन गेल्यावर. मी मूळचा साताऱ्याचा. डोंगर ही रोज दिसणारी गोष्ट असते असं समजून मोठा झालो. त्यामुळे इथे, उत्तरेच्या सपाट मुलखात नोकरीला आलो तेव्हा पहिलं वर्षभर मला वाटायचं की या गावाला क्षितिजच नाही.

या तीन गोष्टींकडे मी नीट बघायला लागलो त्याला कारण घडलं. दोन वर्षांपूर्वी नोव्हेंबरमध्ये हाउसवार क्रॉस-कंट्री होती. मी टाइमकीपर. सकाळचे आठ वाजले होते, टाकी जेमतेम दिसत होती, चिमणीचा पत्ता नव्हता. अकरावीतल्या एका हाउस कॅप्टनने येऊन विचारलं, "सर, धुकं आहे. थोडं थांबायचं का?" मी म्हणालो, "अरे, धुकं म्हणजे पाणीच की. पाण्याने काय होतंय? उलट गार वाटेल पळताना." आणि शिट्टी मारली.

तिसऱ्या किलोमीटरला आठवीतला एक मुलगा खाली बसला. श्वास घेताना छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता. त्याला एमआय रूममध्ये नेलं, नेब्युलायझर लावला, संध्याकाळपर्यंत तो उठून बसला आणि मेसमधून खीर आणून मागायला लागला. लहानपणी त्याला थोडा दमा होता, मधली चार-पाच वर्षं काहीच त्रास नव्हता. डॉक्टरसाहेबांनी मला बाजूला घेऊन एवढंच विचारलं, "सर, धुकं होतं म्हणता. तुमचा चष्मा ओला झाला होता का?" नव्हता झाला. "जॅकेट?" तेही कोरडं. "मग ते धुकं कसलं?"

मी पदार्थविज्ञानाचा मास्तर. दहावीच्या वर्गात आकाश निळं का हे दरवर्षी फळ्यावर काढतो. आणि त्या सकाळी सूर्य चांगला कासराभर वर आला होता, तरी तांब्याच्या ताटासारखा लाल दिसत होता, हे मी पाहिलं होतं. पाहिलं, पण वाचलं नाही. रात्री त्या मुलाच्या आईचा फोन आला. त्या चिडल्या नव्हत्या. एवढंच म्हणाल्या, "सर, तुम्ही तिथे होतात ना?" त्यांना तेव्हा मला काही धड सांगता आलं नाही. या वर्षी संपादकांनी मराठी पानासाठी विज्ञानाचं काहीतरी लिहा म्हटलं, तेव्हा तेच सांगावं असं ठरवलं.

सुरुवात स्वच्छ हवेपासून करू. सूर्याचा पांढरा उजेड हवेतून येताना हवेच्या रेणूंवर आदळून इकडेतिकडे विखुरतो. तुमच्या इंग्रजी पुस्तकात याला स्कॅटरिंग म्हणतात, बालभारतीच्या पुस्तकात विकिरण. मी आपलं विखुरणं म्हणतो. नायट्रोजन, ऑक्सिजनचे रेणू प्रकाशाच्या तरंगलांबीच्या मानाने फारच चिमुकले, हजारपटींहून लहान. इतक्या लहान वस्तूवरून उजेड विखुरतो तेव्हा आखूड लांबीचा उजेड जास्त विखुरतो, आणि थोडाथोडका जास्त नाही, तर लांबीच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात. निळ्याची लांबी ४५० नॅनोमीटर धरा, तांबड्याची ६५०. भागाकार करून चार वेळा गुणा. उत्तर चारच्या थोडं वर येतं. म्हणजे तांबड्याच्या चौपटीहून अधिक निळा उजेड आकाशभर पसरतो आणि सगळ्या बाजूंनी आपल्या डोळ्यांत येतो. (दरवर्षी कोणीतरी विचारतंच, मग जांभळं का नाही? सूर्याच्या उजेडात जांभळा मुळात कमी, आणि आपला डोळा जांभळ्याला मठ्ठ. बस्स.)

हा चौथ्या घाताचा नियम लॉर्ड रॅलेने १८७१ मध्ये मांडला. त्याच्या आधी जॉन टिंडलने काचेच्या नळीत अगदी बारीक कण तयार करून त्यांवर उजेड सोडला होता आणि निळी झाक मिळवली होती. त्यामुळे बरीच वर्षं समजूत अशी होती की आकाश निळं दिसतं ते हवेतल्या धुळीमुळे. रॅलेने १८९९ मध्ये दाखवलं की धुळीची गरजच नाही, नुसते रेणू पुरेत. त्या लेखात त्याने पुरावा म्हणून कशाचा आधार घ्यावा? दार्जिलिंगच्या परिसरातून शंभर मैलांवरचा एव्हरेस्ट बऱ्यापैकी उजळ दिसतो, याचा! हवा किती पारदर्शक असू शकते हे इंग्लंडमधल्या शास्त्रज्ञाला आपल्या हिमालयावरून कळलं. पुढे १९२१ मध्ये सी. व्ही. रामन 'नारकुंडा' बोटीने विलायतेहून परतत होते. समुद्राचा निळा रंग हे निव्वळ आकाशाचं प्रतिबिंब नव्हे, पाण्याचे रेणूही उजेड विखुरतात, असं त्यांनी तपासलं आणि बोट मुंबई बंदरात असतानाच त्यावर टिपण लिहिलं. त्या वाटेने चालत जाऊन २८ फेब्रुवारी १९२८ चा दिवस उजाडला, जो आपण विज्ञान दिन म्हणून साजरा करतो.

म्हणजे धूळ नसली तरी आकाश निळंच. मग धूळ काय करते? ती निळेपणा घालवते.

हवेत रेणूंखेरीज कितीतरी तरंगत असतं. चुलीचा आणि डिझेलचा धूर, वीटभट्टीची काजळी, शेतात पेटवलेलं पाचट, वाळवंटातली माती, समुद्राच्या फेसातून उडालेलं मीठ, फुलांचे पराग. काही कण तर कुठून निघतच नाहीत, हवेतच जन्मतात. कोळशाच्या धुरातला गंधकाचा वायू, गाड्यांतले नायट्रोजनचे वायू आणि शेणखत-युरियातून उठणारा अमोनिया एकत्र येऊन त्यांचे बारीक घन कण बनतात. या सगळ्या तरंगत्या मंडळींना मिळून एरोसोल म्हणतात. त्यांच्यातला कोण उजेडाचं काय करणार हे मुख्यतः आकारावर ठरतं. १९०८ मध्ये गुस्टाव्ह मी या जर्मन शास्त्रज्ञाने कोणत्याही आकाराच्या गोल कणासाठी हे गणित सोडवलं. गणित अवघड आहे, पण निकाल स्वयंपाकघरात बघता येतो.

उदबत्ती लावा. खोलीत थोडा अंधार करा, एका बाजूने टॉर्च धरा, धुरामागे काळं कापड. धूर निळसर दिसेल. आता तोच धूर टॉर्च आणि पांढरा कागद यांच्या मध्ये येऊ द्या आणि कागदावर पडलेली त्याची सावली बघा. ती पिवळट, मातकट असेल. धूर एकच आहे. त्याने बाजूला फेकलेला उजेड निळा, आणि त्यातून आरपार गेलेला उजेड निळा गमावून पिवळा झालेला. आता चहाच्या किटलीच्या तोंडाची वाफ बघा. ती काळ्यासमोर पांढरी दिसते, आणि तिची सावली नुसती करडी असते, रंगाचा पत्ता नाही. उदबत्तीच्या धुराचे कण मायक्रॉनच्या काही दशांशाइतके, म्हणजे उजेडाच्या लांबीहून लहान किंवा तिच्या आसपास. वाफेचे थेंब अनेक मायक्रॉनचे. थेंबाला निळा काय, तांबडा काय, सगळे सारखेच.

आता माझी चूक तुमच्या लक्षात आली असेल. धुकं म्हणजे वाफेचं भावंड. त्यातले थेंब दहा-वीस मायक्रॉनचे. पातळ धुक्यातून सूर्य दिसतो तो पांढरा, चांदीच्या रुपयासारखा, कारण सगळे रंग सारख्याच प्रमाणात कमी होतात. धुरक्यातून दिसणारा सूर्य पिवळा, नारिंगी, तांबूस. उगवतीला लाल असणं ठीक आहे, कारण क्षितिजावरच्या सूर्याचा उजेड डोक्यावरच्या सूर्याच्या मानाने जवळजवळ चाळीसपट हवा कापून येतो. पण सूर्य कासराभर वर आल्यावरही तांब्याचा राहिला, तर ते हवेच्या रेणूंचं काम नव्हे. मध्ये बारीक कणांचा थर आहे. माझ्यासमोर त्या दिवशी टॉर्च, धूर आणि कागद सगळं मांडलेलं होतं, आणि मी घड्याळाकडे बघत होतो.

आणि खरी अडचण पुढे आहे. उजेड विखुरण्यात सगळ्यात तरबेज कण असतात साधारण अर्ध्या मायक्रॉनचे, म्हणजे डोक्याच्या केसाच्या जाडीत शंभराहून अधिक मावतील असे. जाडी धूळ नाकातल्या केसांत आणि घशात अडकते, शिंकून, खाकरून बाहेर पडते. हे अर्ध्या मायक्रॉनवाले थेट फुप्फुसाच्या शेवटच्या पिशव्यांपर्यंत पोचतात. पीएम अडीच हा शब्द तुम्ही बातम्यांत ऐकता. अडीच मायक्रॉन आणि त्याहून बारीक कणांचं घनमीटर हवेतलं वजन म्हणजे तो आकडा. आपल्याकडे चोवीस तासांच्या सरासरीची मर्यादा ६० मायक्रोग्रॅम आहे. म्हणजे जो कण टाकी दिसू देत नाही, तोच छातीत जाऊन बसतो. पळणारं मूल बसलेल्या मुलाच्या कितीतरी पट हवा ओढतं, आणि तोंडाने ओढतं, नाकाची चाळणी चुकवून.

हे हिवाळ्यात आणि इथेच इतकं का, असं पालक विचारतात. पुण्याला, कोल्हापूरला थंडी नसते का? असते. पण गंगेचा मुलूख म्हणजे उत्तरेला हिमालयाची भिंत असलेली पसरट परात. हिवाळ्याच्या रात्री जमीन निवते, तिला चिकटलेली हवा गार आणि जड होते, आणि वर तुलनेने उबदार हवेचं झाकण बसतं. वारा पडलेला. संध्याकाळी कोणत्याही गावाकडे बघा, चुलींचा धूर थोडा वर जातो आणि मग आडवा पसरतो, जणू कोणी वर काच ठेवलीय. उन्हाळ्याच्या दुपारी जो धूर दोन-तीन किलोमीटर उंचीत मिसळून जातो, तोच हिवाळ्याच्या पहाटे दोन-तीनशे मीटरांत कोंडलेला असतो. त्यात पहाटेची हवा दमट. यातले बरेच कण मिठासारखे पाणी ओढणारे असतात. दमटपणा वाढला की ते फुगतात, फुगले की आणखी उजेड अडवतात. आणि दमटपणा शंभर टक्क्यांना टेकला की त्याच कणांवर पाणी धरून खरं धुकं तयार होतं. कणाशिवाय धुकं होत नाही, हे जॉन एटकिनने १८८० च्या सुमारास स्कॉटलंडमध्ये दाखवलं होतं. त्यामुळे धुकं की धुरकं हा माझा सरळ प्रश्नही पुरता सरळ नाही. इथलं धुकं बहुधा धुरक्याच्या पोटीच जन्मतं. दिल्लीच्या विमानतळावर २०१५ च्या हिवाळ्यापासून नेमका याचाच अभ्यास चालू झाला. तो चालवणारी मुख्य संस्था पुण्याची, पाषाणची, भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्था. मराठी मुलांनी हे ध्यानात ठेवावं म्हणून सांगितलं. त्याच संस्थेची ढगांवरची एक प्रयोगशाळा महाबळेश्वरलाही आहे.

आता थोडं आमच्या उस्तादांच्या विषयात घुसतो. जजिंग डिस्टन्स शिकवताना उस्ताद सांगतात की पाऊस पडून गेल्यावर, सूर्य पाठीशी असताना वस्तू जवळ वाटते, आणि धुरकट हवेत किंवा सूर्य डोळ्यांवर असताना लांब वाटते. ही गोष्ट कॅडेट पाठ करतात. एका उस्तादांना मी विचारलं, असं का? ते म्हणाले, "सर, बारिश के बाद टार्गेट खुद पास आ जाता है।" उत्तर मला फार आवडलं, पण परीक्षेत चालणार नाही. तर कारण असं. तुम्ही आणि टार्गेट यांच्या मधल्या हवेतला प्रत्येक कण सूर्याचा थोडा उजेड तुमच्या डोळ्यांत फेकतो. हा उजेड टार्गेटकडून आलेला नसतो, मधल्या हवेकडून आलेला असतो. पातळ पांढरा पडदाच तो. जितकं अंतर जास्त तितका पडदा जाड, काळं झाड राखाडी होतं, राखाडी झाड फिकट. साताऱ्याला यवतेश्वराच्या घाटातून बघा, जवळचा डोंगर हिरवा, त्यामागचा निळसर, त्यामागचा आकाशात विरघळत चाललेला. मेंदू लहानपणापासून हे शिकलेला असतो: फिकट म्हणजे दूर. मग धुरक्यात चारशे मीटरवरची वस्तू फिकट दिसली की मेंदू सहाशे सांगतो, आणि पावसानंतर सहाशेवरची ठसठशीत दिसली की चारशे. महाराष्ट्रातून येणारे कॅडेट पहिल्या हिवाळ्यात इथे हटकून लांबचा अंदाज देतात, आणि सुटीत घरी जाऊन ट्रेकला गेले की "हा काय समोरच तर आहे" म्हणून पाणी न घेता निघतात. युनिटच्या पद्धतीने, शंभर-शंभर मीटर मोजत जा, किंवा की रेंज धरा. नुसत्या दिखाव्यावर भरवसा ठेवायचा तर आधी हवा कशी आहे ते स्वतःला सांगा.

सूर्य डोळ्यांवर असताना हाच पडदा अधिक जाड का होतो? मोठे कण उजेड पुढच्या दिशेनेच जास्त फेकतात. सूर्याकडे तोंड केलं की तो सगळा तुमच्या अंगावर येतो. यावरून हवेची एक झटपट परीक्षा निघते. इमारतीच्या कडेआड सूर्याचं बिंब पूर्ण झाकलं जाईल असे उभे राहा. (बिंबाकडे थेट बघायचं नाही, धुरक्यातल्या लाल सूर्याकडेही नाही. मी त्या दिवशी बघितलं ती दुसरी चूक.) कडेच्या अगदी जवळपर्यंत आकाश निळं असेल तर हवा स्वच्छ. बिंबाभोवती पांढऱ्या झगमगाटाचं मोठं वर्तुळ असेल तर वर कण भरपूर आहेत. एप्रिल-मेमध्ये राजस्थानकडून धूळ आली की ते वर्तुळ अर्ध्या आकाशाएवढं होतं आणि उरलेलं आकाश ताकासारखं दिसतं.

स्मोक ग्रेनेडही याच विज्ञानावर चालतो, आणि थर्मल इमेजरही. इमेजर आठ ते बारा मायक्रॉनचे उष्णतेचे तरंग बघतो. अर्ध्या मायक्रॉनचा धूर त्याच्या लेखी जवळजवळ नसतोच, जसे निळ्या उजेडापुढे हवेचे रेणू. म्हणून साध्या धुरातून माणूस दिसतो. पण दाट धुक्याचे थेंब दहा-वीस मायक्रॉनचे, त्यांच्यापुढे तोही चाचपडतो. बारावीतल्या मुलांनी यावर विचार करावा, मुलाखतीत कोणी विचारलं तर माझं नाव सांगू नये.

किती लांबचं दिसणार याचा हिशेब १९२४ मध्ये कोशमीडर या जर्मन हवामानशास्त्रज्ञाने बसवला. तो इतका सोपा आहे की आठवीतल्या मुलालाही जमतो. समजा धुरकं दर किलोमीटरला वस्तूचा ठसठशीतपणा निम्मा करतं. एक किलोमीटरवर ५० टक्के, दोनवर २५, तीनवर साडेबारा. डोळा साधारण दोन टक्क्यांपर्यंत फरक ओळखतो. करून बघा, साडेपाच किलोमीटरच्या थोडं पुढे वस्तू आकाशात नाहीशी होते. कणच नसलेल्या, नुसत्या रेणूंच्या हवेत हेच अंतर तीनशे किलोमीटरच्या घरात जातं. म्हणजे दिसणं तीनशेवरून पाचवर आणणारी ती चिमूटभर काजळी आणि मीठ. २०२० च्या एप्रिलमध्ये सगळं बंद असताना जालंधरच्या लोकांना गच्चीवरून धौलाधारचे बर्फाचे डोंगर दिसले, शंभर किलोमीटरहून लांबचे. तेव्हा कितीतरी तरुणांनी ते आयुष्यात पहिल्यांदा बघितले. डोंगर कुठून आले नव्हते.

हवामान खातं दृश्यता हजार मीटरच्या खाली आली तर धुकं म्हणतं, दोनशेखाली दाट, पन्नासखाली अतिदाट. आमची टाकी सहाशेवर आहे, त्यामुळे तिची नोंद या मापात बरोबर बसते, हा योगायोग.

सूर्यास्ताबद्दल एक गैरसमज मोडून टाकतो, कारण निबंधात दरवर्षी येतो: प्रदूषणामुळे सूर्यास्त रंगीत होतात. आपल्या श्वासाच्या उंचीवरचं धुरकं सूर्यास्त मळवतं. सूर्य क्षितिजाला टेकायच्या आधीच विटकरी होऊन विझून जातो. सुरेख सूर्यास्त पावसाळ्यानंतरच्या धुतलेल्या हवेत बघावेत. मात्र कण खूप वर, वीसेक किलोमीटरवर गेले तर गोष्ट वेगळी. १८८३ च्या ऑगस्टअखेर इंडोनेशियातला क्राकाटोआ ज्वालामुखी फुटला. त्याच्या सूक्ष्म कणांमुळे कित्येक महिने जगभर संध्याकाळी आकाश पेटल्यासारखं दिसत होतं. आणि सप्टेंबरमध्ये मद्रासकडे लोकांनी चक्क हिरवा सूर्य बघितला! १९५० मध्ये कॅनडातल्या वणव्यांचा धूर वाहत गेला तेव्हा स्कॉटलंडमध्ये निळा सूर्य दिसला. असं व्हायला कण जवळजवळ एकाच मापाचे लागतात, मग ते निळ्याऐवजी तांबडा जास्त फेकतात आणि सगळं उलटं होतं. आपल्या धुरक्यात सगळ्या मापांची खिचडी असते, म्हणून असा चमत्कार आपल्या वाट्याला येत नाही. मंगळावर मात्र हे रोजचंच. तिथे दिवसा आकाश मातकट आणि मावळत्या सूर्याभोवती निळी प्रभा, कारण तिथली बारीक धूळ. क्युरिऑसिटी गाडीने तसे फोटो पाठवले आहेत, ग्रंथालयाच्या कॉम्प्युटरवर बघा.

हे कण उजेड फक्त विखुरत नाहीत, थोडा परत आकाशातही पाठवतात. १९९१ मध्ये फिलिपीन्सच्या पिनाटुबोने इतका गंधक वर फेकला की पुढच्या वर्षी पृथ्वीचं सरासरी तापमान सुमारे अर्ध्या अंशाने उतरलं. उलट काजळी उजेड गिळते आणि स्वतःभोवतीची हवा तापवते. १९९९ मध्ये मालदीवच्या आसपास मोठी शास्त्रीय मोहीम झाली, तेव्हा उपखंडावरून हिंदी महासागरात पसरलेला तपकिरी थर विमानांतून मोजला गेला. खाली समुद्रावर ऊन कमी पोचत होतं, वर हवा तापत होती. यात मॉन्सूनचा प्रश्न गुंतलेला आहे, तो एका पानाचा नाही.

तर मग आता आम्ही काय करतो? सायन्स क्लबची दोन मुलं रोज सकाळी साडेसहाला मेसच्या पायऱ्यांवर उभी राहतात. वहीत चार रकाने: टाकी दिसते का, चिमणी दिसते का, चष्मा किंवा रेलिंग ओलं आहे का, सूर्य वर आल्यावर कोणत्या रंगाचा. टाकी दिसत नाही आणि रेलिंग कोरडं, असं झालं की ते ड्युटी उस्तादांना सांगतात आणि पीटी हॉलमध्ये होते, तीही सावकाश. सुरुवातीला यावर कुरकुर झाली. एका पालकांनी मला पत्र लिहिलं की तुम्ही सैनिक घडवताय की काचेची भांडी? प्रश्न रास्त आहे. थंडीत, पावसात, चिखलात मुलांना पळवायला माझी ना नाही, त्याने माणूस कणखर होतो. धूर ओढून फुप्फुस कणखर झाल्याचं मात्र मी कुठे वाचलं नाही. त्यांना मी तसंच कळवलं.

डोळ्याची ही पद्धत आकड्याला पर्याय नाही. दमट सकाळी कण फुगलेले असतात, तेव्हा वजनाने हवा तेवढी वाईट नसतानाही टाकी गुडूप होते, आणि कोरड्या दुपारी चिमणी दिसते म्हणून हवा चांगली असंही नाही. म्हणून मुलं शेजारच्या केंद्राचा आकडा मोबाइलवरून बघून पाचव्या रकान्यात लिहितात. दोन्ही जमत नाही त्या दिवशी माझ्याकडे भांडत येतात, आणि तो माझा आवडता तास असतो.

तो आठवीतला मुलगा आता दहावीत आहे. इनहेलर त्याच्या खिशात असतो, गेल्या फेब्रुवारीत, स्वच्छ हवेच्या दिवशी, त्याने क्रॉस-कंट्री पूर्ण केली. वहीचं काम या वर्षी त्याच्याकडेच आहे. अक्षर वाईट आहे, नोंदी चोख असतात.

हिवाळ्याच्या सुटीत घरी जाणाऱ्या मराठी कॅडेटांना एक काम सांगतो. घराच्या गच्चीवरून तीन गोष्टी निवडा, जवळची, मधली, लांबची. नाशिककर असाल तर डोंगरांची वाणच नाही, नागपूरकरांनी एखादा टॉवर निवडावा. अंतरं नकाशावर मोजा. रोज एकाच वेळी बघून लिहा, आणि सूर्याचा रंगही लिहा, त्याच्याकडे थेट न बघता, भिंतीवर पडलेल्या उन्हावरून. आईबाबांनी मुलांना सकाळी लवकर उठवून मदत केली तर चालेल. जानेवारीत वह्या माझ्या टेबलावर ठेवा, इथल्या वहीशेजारी लावून बघू.